वैशालीची कोरी शीट

"सकाळी होता मॅडम, सच्ची!"

गणेश स्क्रीनकडे बोट दाखवत होता. 'खरेदी करा' हे बटण दाबलं की कोरं पान येतं, असा त्याचा रिपोर्ट होता. मी बटण दाबलं. साडी गुमान टोपलीत जाऊन बसली. दुसऱ्यांदा दाबलं. दुसरी साडीही गेली.

"मग तो बग गेला कुठे?" मी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारतोय," गणेश म्हणाला.

पुण्यात एका कंपनीत मी अकरा वर्षं टेस्टर होते. वेबसाइट किंवा ॲप लोकांसमोर जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून लिहून द्यायच्या, हे टेस्टरचं काम. त्या चुकांना बग म्हणतात. आता मी लिंबायत या कामगार वस्तीतल्या एका सेंटरवर तेच काम मुलामुलींना फुकट शिकवते. बहुतेकांचे आईवडील लूमच्या कारखान्यात किंवा साडीच्या कामात. कोर्स चार महिन्यांचा. पहिले दोन महिने वेबपेज बनवायला शिकायचं, मग त्यातल्या चुका काढायला.

सरावासाठी मी साड्यांच्या दुकानाची एक खोटी साइट बनवली होती. तिच्यात स्वतःच्या हातांनी तीस बग पेरले होते. कुठे चुकीचा फोटो, कुठे तुटलेली लिंक, कुठे बेरीज चुकलेली. सोमवारी सगळं जागेवर होतं. मंगळवारपासून बग नाहीसे व्हायला लागले.

मुलं आपापल्या शीटवर रिपोर्ट लिहीत, मी तपासायला जाई, आणि साइट धुतल्या तांदळासारखी! मी पोरांच्या रिपोर्टवर लाल शेरे मारले. पोरं चिडली. मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही कळेना. बदलाची नोंद बघितली तर फाइली खरंच बदलत होत्या, पण प्रत्येक नोंदीपुढे नाव एकच: student. कारण सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याचा शहाणपणा माझाच.

बुधवारी सेंटरचे हेड जिग्नेशभाई केबिनमधून बाहेर आले. "मीनाबेन, आपने बग डाले थे, पक्का?"

"तीस डाले थे, जिग्नेशभाई."

"कंपनी को आज पाँच नाम भेजने हैं. किसके भेजूँ?"

एका कंपनीला टेस्टर हवे होते, आणि तिच्या टेस्टला आम्ही पाच जण पाठवणार होतो. मी गोंधळलेल्या डोक्यानेच यादी केली. वैशालीचं नाव मात्र मी विचार न करता खोडलं. बाकीच्यांनी चूक-बरोबर काहीतरी लिहिलं तरी होतं. तिची शीट मंगळवारपासून कोरी होती. हुशार वाटलेली मुलगी ऐन वेळी आळशी निघाली म्हणून मला रागच आला. कोर्स चालू असेपर्यंत तिच्या वाटणीचं साड्यांचं काम तिची आई करत होती. नोकरी लागली नाही तर वैशालीने पुन्हा साड्या घेऊन बसायचं, असं घरी ठरलेलं होतं. हे मला माहीत होतं. तरी खोडलं.

गुरुवारी मी एक नवीन बग टाकला आणि वर्गात फिरत राहिले. वैशालीच्या मागे पोचले तेव्हा तिला तो सापडला होता. तिने शीट उघडलीच नाही. सरळ साइटची फाइल उघडली, चूक दुरुस्त केली, सेव्ह केली, आणि पुढच्या पानावर गेली. एक मिनिटही लागलं नसेल.

"वैशाली, काय करतेस हे?"

"काढला, मॅडम," ती खुशीत म्हणाली. "आता एकपण नाही राहिला."

"आणि शीट?"

"कोरी आहे ना! चूकच नाही राहिली तर काय लिहायचं?"

मी पेरलेलं तण ही मुलगी तीन दिवस निंदत होती, आणि कोऱ्या शीटला सगळ्यात जास्त मार्क मिळतील म्हणून वाट बघत होती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. दारात तिची आई साडी मांडीवर घेऊन बसली होती. मशिनवर भरतकाम झालेल्या साड्या घरी येतात. लोंबते धागे कापायचे, सुटलेले टाके सुईने भरायचे. मी तिला सगळं सांगितलं. तिला माझंच बोलणं विचित्र वाटलं.

"खोट दखायनी का तठेच सुई लाई देवानी, बाई. बोंबलत कोन बठस?"

चूक दिसली की तिथेच सुई घालायची, बोंबलत बसायचं नाही. टाका राहिला तर गठ्ठा परत येतो आणि वर बोलणी बसतात. वैशाली सात-आठ वर्षांची असल्यापासून हेच शिकली होती. त्यापुढे माझे दोन महिने काय टिकणार? मला माझी लाज वाटली.

सकाळी मी कंपनीच्या एचआर मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "टेस्टर न विचारता कोडला हात लावणार असेल तर आम्हाला भीतीच वाटेल."

त्यांचं बरोबर होतं. डेव्हलपरला चूक कळलीच नाही तर तो तीच पुन्हा करतो. "पण दार मीच उघडं ठेवलं होतं," मी म्हणाले. "आणि दुरुस्त करू नका, असं सांगितलंही नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "पाठवा सहावी म्हणून. टेस्ट सगळ्यांसारखीच होईल."

तो अख्खा दिवस मी वैशालीकडून एकच गोष्ट करून घेतली. चूक बघ, लिही, पुढे जा. शनिवारी ती टेस्ट देऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामेजला होता.

"किती सापडले?"

"दहा. सगळे लिहिले."

"हात?"

"लई शिवशिवत होते, मॅडम. पण नाही लावला."

तिला घेतलं. गणेशलाही घेतलं. त्याची मी माफी मागितली आणि लाल शेरे पुसले. महिन्याभराने वैशालीचा फोन आला. "मॅडम, इथे दिवसभर चुका दाखवते, आणि कोणाचीच बोलणी बसत नाहीत. उलट थँक्यू म्हणतात." तिला अजून ते खरं वाटत नव्हतं.

आता मी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देते. आणि कोरी शीट दिसली की नाव खोडायच्या आधी खुर्चीमागे जाऊन उभी राहते.