गच्चीवरचं फ्रेंच बॉम्बफेकी

पुण्याहून निघून झाशीला उतरले तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि डोकं तापलेलं. मथळा माझाच: ‘छंद हा गुन्हा आहे काय?’ मामेबहीण रेवाचा मेसेज आला होता, ‘विमानाची तक्रार ऑफिसात गेली. बाबांनी राजीनामा लिहून दिला.’ मामा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, छंद जुन्या विमानांच्या प्रतिकृती करण्याचा; रेवाचं कॉलेज अर्ध्यावर. फोन करून विचारायचं मला सुचलं नाही. पत्रक सुचलं.

सदर बाजारात ऑटो थांबली तिथेही चार वाटली. ऑटोवाल्याने एक उलटसुलट करून पाहिलं. “हिंदी में नहीं है, बहनजी?” झाशीत मराठी पत्रक कोण वाचणार, हेही सुचलं नव्हतं.

सिव्हिल लाइन्समधल्या घराच्या सामाईक गच्चीवर विमान होतं. फार्मन २२२, दोन महायुद्धांच्या मधलं अवजड फ्रेंच बॉम्बफेकी. मामांनी लाकूड-पत्र्यात केलेली प्रतिकृती. पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत. चार इंजिनं, दोन पुढे तोंड करून, दोन मागे. धड थेट पत्र्याच्या ट्रंकेसारखं. बॉम्ब टाकायला जन्मलेल्या यंत्राचं मला कौतुक नाही, पण काम सुबक होतं.

पंखाखाली मामा आणि तक्रार करणारे शेजारी तिवारीजी मंगोडे (मूगडाळीची भजी) खात बसलेले. तिवारीजी त्याच कारखान्यातले. मी उभ्या उभ्याच सुरू झाले: माणसाची नोकरी घालवलीत आणि वर त्याच्याच घरचं खाता?

तिवारीजींचा घास हातातच राहिला. “किसकी नौकरी?”

“मामांनी राजीनामा दिला ना?”

“राज़ीनामा तो हम दोनों ने लिखा है, बिटिया।”

त्यांनी खिशातून कागद काढला. डावा पंख हातभर आखूड करायचा, कपड्यांची दोरी मोकळी, तक्रार मागे. खाली दोघांच्या सह्या. तिकडे राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड! रेवा बोलते मराठी, शब्द झाशीचे.

मी पत्रकांचा गठ्ठा मामांपुढे ठेवला. मामा सोमवारी नेहमीसारखे कामावर जाणार होते. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “इंजिनं दोन लिहिलीस. चार आहेत.” तिवारीजींनी प्लेट माझ्याकडे सरकवली.

परतीच्या गाडीत गाढ झोपले. मोर्च्यांत आजवर कितीतरी साहेबांचे राजीनामे मागितले, घसा बसेपर्यंत; एकही मिळाला नाही. झाशीत न मागता मिळाला, आणि कुणाची खुर्चीही गेली नाही.