बार्शीत बसून रेघ हलवणारे मास्तर

मास्तरांनी मला फसवलं. बारा दिवस, रोज, माझ्याच यंत्रावर, आणि तेही बार्शीतल्या खाटेवर बसून. मी भंगारवाल्यांशी घासाघीस करत करत मोठा झालेला माणूस आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मीच लोकांना सांगत असे. मास्तर तर माझ्याआधी पंचवीस वर्षं जन्मलेले होते, त्यामुळे त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

मास्तर म्हणजे खरे मास्तर नव्हेत. एका तंत्रनिकेतनात त्यांनी प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी काढली. शिकवणारे दुसरे होते, पण यंत्र अडलं की मुलं यांच्याकडे धावायची, म्हणून हे मास्तर. निवृत्त झाल्यावर ते बार्शीला भावाच्या धान्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेले. अंगाने किडकिडीत, खिशात कायम एक छोटा स्क्रू ड्रायव्हर, आणि बोलणं असं हळू की समोरच्याला वाटावं, याला काही येत नसावं.

माझा धंदा पॉवरलूमच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांचा. टॉवेलच्या मागावर एक तळहाताएवढं कार्ड असतं. धागा तुटला की त्याने माग थांबवायचा, एवढंच त्याचं काम. मी बनवलेली चोवीस कार्डं एका टॉवेलवाल्या शेठच्या शेडमध्ये लागली होती, आणि दोन महिन्यांनी ते माग धागा न तुटताच थांबायला लागले. दिवसातून चार वेळा, कधी सहा वेळा, कुठलाही माग. शेठने मला बोलावून सांगितलं, "पंधरा दिवसांत कारण दाखवा, नाहीतर सगळी कार्डं काढून घेऊन जा." चोवीस कार्डं टेम्पोत टाकून त्या रस्त्याने परत न्यायची म्हणजे प्रत्येक शेडच्या दारात स्वतःची बदनामी वाटत जायचं. त्यानंतर एमआयडीसीत माझ्याकडून कुणी साधा स्विच घेतला नसता.

"कार्डं सोन्यासारखी आहेत," मी शेठला म्हणालो. "तुमची वीज खराब आहे."

"दाखवा," शेठ म्हणाले.

दाखवायला माझ्याकडे यंत्र होतं. ऑसिलोस्कोप. विजेची चढउतार रेघ काढून पडद्यावर दाखवतं ते. डिजिटल, चांगल्यातलं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानात मी ते उचललं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चिरेवर बोट ठेवून अर्धा तास भांडलो आणि यंत्राची चाकांची ट्रॉली वर फुकट घेतली. फक्त ते चालवता येत नव्हतं. कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं.

मास्तर शेडमध्ये आले ते नाकाला ओला रुमाल बांधून. कापसाच्या धुळीने त्यांना खोकल्याची उबळ यायची. लोक यंत्राचा पडदा बघतात, मास्तर आधी त्याच्या पाठीमागे गेले. तिथून आवाज आला, "मालक, ह्याला मागनं दार हाय की."

दार म्हणजे नेटवर्कची केबल लावायची खाच. मला वाटलं होतं ती हवा खेळायला ठेवली आहे. मास्तरांनी तिथून शेठच्या ऑफिसातल्या इंटरनेटच्या डब्यापर्यंत केबल टाकून घेतली. मग सात नंबरच्या मागाचं कार्ड काढून हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले, आणि कार्ड परत बसवलं. यंत्राची एक तार त्यांनी शेठच्या विजेवर लावली, दुसरी माझ्या कार्डावर. मग खोकले.

"मी हितं बसलो तर पंधरा दिवस टिकत न्हाय. मी जातो बार्शीला. यंत्र हितंच राहू दे."

"आणि बघणार कोण?"

"मीच की."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये यंत्रासमोर उभा होतो. शेजारी जॉबर, म्हणजे शेडमधले माग दुरुस्त करणारा यल्लप्पा. आम्ही दोघेही हाताची घडी घालून बघत होतो आणि पडद्यावरची रेघ आपोआप जाड झाली. मग बारीक झाली. मग एकीच्या दोन झाल्या, एक वर सरकली, एक खाली. कुणीही हात लावलेला नव्हता. यल्लप्पा दोन पावलं मागे गेला.

"ह्यात काय शिरलंय ओ?"

"मास्तर शिरलेत," मी म्हणालो. "बार्शीतनं."

थोड्या वेळात सगळी शेड जमली. कुणी म्हणालं, मास्तरांना सांगा रेघ उडवून दाखवा. मी फोन केला, मास्तरांनी रेघ उडवून दाखवली. लोक हसत होते, मीही हसत होतो, आणि त्या भरात मी एक बटण फिरवलं. रेघ गायब झाली. लगेच फोन वाजला.

"मालक, बटण सोडा."

"मी हात नाही लावला."

"हितं दिसतंय मला."

"माझं यंत्र आहे, मी लावीन हात." मी आणखी दोन बटणं फिरवली. काहीच झालं नाही. सगळी दाबून बघितली. यंत्र ढिम्म. मास्तरांनी सत्तर किलोमीटरवरून पुढच्या सगळ्या बटणांना कुलूप लावलं होतं. मी घासाघीस करून आणलेलं यंत्र, माझ्या डोळ्यांसमोर, माझं ऐकेना. मी फोनवर इतका ओरडलो की मागांच्या खडखडाटातही लोकांना ऐकू गेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "जेवला का तुमी?"

या कामात यंत्राला तारेवरून साध्या इंग्रजी अक्षरांत हुकूम पाठवायचे असतात. हुकुमाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर यंत्र उत्तर देतं, नसेल तर मुकाट काम करतं. मास्तर रोज सकाळी पहिला प्रश्न एकच पाठवत: तू कोण? यंत्र आपलं नाव, घराणं आणि नंबर सांगे. मग पुढचं काम. ही सवय त्यांनी माणसांनाही लावली होती. मी दिवसातून दहा वेळा फोन केला तरी ते उचलून आधी विचारत, "कोण आपण?"

"माझा नंबर दिसत नाही का, मास्तर?"

"दिसतोय. तरी इचारून घ्यावं. भलत्यालाच हुकूम गेला तर?"

दुसरी सवय याहून वाईट. यंत्राला एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर वाचून घेण्याआधी दुसरा विचारला तर ते गोंधळतं. मी एका दमात विचारायचो, काही सापडलं का, शेठची वीज किती खराब आहे, अजून किती दिवस. पलीकडून सावकाश, "एकेक इचारा मालक. पहिल्याचं उत्तर अजून तुमी घेतलं न्हाय." मी बायकोशी, बँकेशी आणि वीज मंडळाशी भांडलो आहे, पण भांडणात ओळीने उभं राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दर चार हुकुमांनंतर मास्तर यंत्राला विचारत: काही चुकलं का? यंत्राला चुकलेलं सगळं ओळीने लक्षात असतं. सगळ्यात जुनी चूक ते आधी सांगतं, मग पुढची, आणि सगळं सांगून झालं की ‘काही चूक नाही’ असं कळवतं. याचं मास्तरांना फार कौतुक. "बघा की, इचारलं की सांगतंय. लाजत न्हाय, भांडत न्हाय. असा एक माणूस दाखवा मला सोलापुरात." मी म्हणालो, बार्शीत तरी आहे का? ते म्हणाले, "बार्शीतबी न्हाय. म्हणून तर यंत्राशी बोलतोय."

यानंतर मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली. मास्तरांनी लिहिलेला प्रोग्राम असा होता की यंत्राने रात्रंदिवस वाट बघायची, आणि कार्ड दचकलं की त्या क्षणाची रेघ पकडून चित्र बार्शीला पाठवायचं. मी विचार केला, पुरावा मास्तरांकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून शेठकडे गेला तर शेठ म्हणणार, मध्ये काहीतरी केलं. म्हणून मी अट घातली. चित्र आलं की त्याच क्षणी शेठच्या फोनवरही जायला पाहिजे, आपोआप, मध्ये माणसाचा हात नको.

"नक्की का मालक?" मास्तर म्हणाले.

"नक्की."

"आधी तुमी बघा, मग पाठवू."

"मास्तर, धंदा मला शिकवू नका."

"बरं," मास्तर म्हणाले. तेच ‘बरं’, जे कार्ड बघून म्हणाले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अकरा दिवस बाकीचे माग थांबत होते, पण नेमका सात नंबर गुणी मुलासारखा चालत राहिला. बाराव्या दिवशी दुपारी तो एका तासात तीनदा थांबला. तीन चित्रं पकडली गेली. शेठ तेव्हा नात्यातल्या लग्नात पंगतीला बसले होते. त्यांच्या खिशात फोन तीनदा वाजला. माझ्याही. मी चित्र उघडलं. वरची रेघ शेठच्या विजेची: नखाएवढा एक हिसका सोडला तर पट्टीने आखल्यासारखी सरळ. खालची रेघ माझ्या कार्डाची: सरळ, सरळ, आणि मध्येच विहिरीएवढा खड्डा. चित्राखाली प्रोग्रामने मराठीत लिहिलं होतं: बाहेरची वीज ठीक. कार्डावरची वीज पडली.

मी फोन लावला.

"कोण आपण?"

"मास्तर, वरची रेघ वाकडी करा."

"होत न्हाय तसं."

"मग प्रोग्राम थांबवा."

"थांबवला. पर तीन गेले की शेठकडं. मधी हात नको म्हणला होता तुमी."

कारण आता सांगतो. शेजारचा माग सुरू झाला की विजेला क्षणभर बारीक हिसका बसतो, तो कुठल्याही शेडमध्ये बसतोच. तो हिसका पचवायला कार्डावर कॅपॅसिटर असतो, पावट्याच्या शेंगेएवढा. तो मी भंगारातून, जुन्या टीव्हींमधून काढलेला, दम संपलेला, किलोवर घेतला होता. किलोवर. शिवाय वजनकाट्यावर त्या माणसाला मी अर्धा किलो जास्त टाकायला लावला होता.

शेठने दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी रस्ताभर भांडणाची तयारी केली. ऑफिसात गेलो तर टेबलावर तिन्ही चित्रं छापून ठेवलेली आणि शेजारी चहा. शेठने चष्मा काढला. "या लायनीत आजवर जो आला तो म्हणाला, शेठ तुमची वीज खराब. स्वतःच्या मालावर पहारा बसवून, स्वतःची चूक पकडून, ती मला परस्पर पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय." पाठ केलेली भाषणं सगळी आतच राहिली. शेठ म्हणाले, "कॅपॅसिटर नवे टाका. आणि मागच्या शेडची कार्डंपण तुम्हीच बनवा."

त्याच दिवशी मी बार्शी गाठली. भांडायला की पाया पडायला, हे अर्धा रस्ता संपला तरी ठरलं नव्हतं. मास्तर खाटेवर मांडी घालून बसले होते, मांडीवर लॅपटॉप. खालून ज्वारीच्या पोत्यांचा वास येत होता. ते म्हणाले, बसा. मग काही न विचारता सांगायला लागले. तंत्रनिकेतनात असाच एक स्कोप आला होता. महागाचा, म्हणून साहेबांनी कपाटात ठेवला. किल्ली मास्तरांकडे. दर शनिवारी कपाट उघडायचं, कापड झटकायचं, यंत्र पुसायचं, कापड घालायचं, कपाट लावायचं. अठरा वर्षं. त्याच्या हुकुमांचं पुस्तक मात्र ते घरी नेऊन वाचत. सगळं तोंडपाठ झालं होतं, एकही हुकूम कधी दिलेला नव्हता.

मी भांडलो नाही. चहा पिऊन परत आलो.

यंदा त्यांची मुलगी त्यांना धारवाडला घेऊन गेली. त्यांचा खोकला वाढला होता आणि त्यांना इकडे एकटं ठेवणं तिला नको होतं. सोलापूरच्या स्टँडवर मी पोचवायला गेलो, शेंगाचटणीचे दोन डबे घेऊन. बस लागली, मास्तर खिडकीशी बसले. मी सहज म्हणालो, "मास्तर, कॅपॅसिटरचं तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"कधी?"

"कार्ड हातात घेतल्यावर. कॅपॅसिटरच्या पायावर आधीच्या डागाचं जुनं कथील दिसलं. नव्याच्या पायावर कशाला असतंय ते?"

"मग बोलला का नाहीत?"

मास्तर खोकले. की हसले, मला अजून ठरवता आलेलं नाही. बस हलली. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी एवढंच सांगितलं, "लई मजा आली की, मालक."

बारा दिवस माझा सगळा धंदा पणाला लागला होता आणि या माणसाला मजा येत होती. हुकूम देत होते, रेघा उडवत होते, माझ्या बटणांना कुलूप लावत होते, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून त्यांच्या खिशात होतं.

पण खरी तक्रार ती नाही. खरी तक्रार यापुढची आहे. शेठने ही गोष्ट एमआयडीसीभर सांगितली. आता लोक माझ्याकडे प्रामाणिक माणूस म्हणून येतात. बिलावर घासाघीस करत नाहीत, मी सांगेन तो आकडा मान्य करतात, त्यामुळे मला वाढवून सांगताच येत नाही. परवा भंगार बाजारात एक पिशवी दिसली, चांगल्या कंपनीचे कॅपॅसिटर, किलोवर. मी हात घातला तर तो भंगारवालाच म्हणाला, "तुमी न्हाय घेत हे आता, ठेवा खाली." मी ठेवली. चारचौघांत ठेवली. घरी येऊन जेवण गेलं नाही.

मास्तर, धारवाडला फोन केला की तुम्ही हवापाण्याचं बोलता आणि हा विषय आला की आवाज तुटतोय म्हणता. आवाज काही तुटत नाही. मी विचारतोय ते सोपं आहे, आणि एकच विचारतोय. आडबाजूला घेऊन पहिल्या दिवशी दोन शब्द सांगितले असते तर मी गुपचूप चोवीस कॅपॅसिटर बदलले असते आणि होतो तसा सुखाने राहिलो असतो. तुम्ही मला जन्मभराचा सज्जन करून ठेवलंत. हे आता मी कसं निभवायचं, ते सोलापुरात येऊन, माझ्यासमोर बसून, तुम्ही सांगायचं आहे.