न्हुच्छेलालच्या घरचा खांदा

भक्तपुरात न्हुच्छेलाल शिल्पकाराच्या पटाशीचं नाव होतं. भूकंपानंतर गल्लीतल्या निम्म्या लाकडी खिडक्या त्यानेच पुन्हा कोरल्या. पण मिरवायची वेळ आली की तो खिडक्यांचं काढत नसे. "बेचाळीस वर्षांत गुठीतला एक माणूस माझ्या खांद्याशिवाय घाटावर गेला नाही," असं सांगे, आणि सांगताना वाकलेली मान ताठ होई.

गुठी म्हणजे बावीस घरांचा शब्द. कुणी गेलं की घरटी एक पुरुष यायचा, तिरडी उचलायची, हनुमंते नदीच्या काठी सरण रचायचं, पार राख होईपर्यंत बसायचं. बाप थकला की मुलाने नाव घालायचं. न्हुच्छेलालचे गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेले. गुठीने तीन वार्षिक जेवणं वाट पाहिली; आज संध्याकाळी चौथं होतं. आज मुलाचं नाव लागलं नाही तर घराचं नाव जाणार, आणि मग न्हुच्छेलाल मेला तर नगरपालिकेची गाडी बोलवावी लागणार. मागे गल्लीतला एक सोनार तसा गेला, तेव्हा हाच चारचौघांत म्हणाला होता, "गॅसचा सिलिंडर न्यावा तसा नेला की रे त्याला!" सगळे हसले होते. ते हसणं आता त्याला रात्री-अपरात्री ऐकू येई.

मुलगा, सुबिन, नऊ वर्षांनी मेलबर्नहून बारा दिवसांसाठी आला होता. सकाळी तोच म्हणाला, "बा, आज सगळं गाव दाखवा मला." म्हाताऱ्याला वाटलं, भैरव पावला. तोंडाने मागायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं. माझं मढं उचल, असं बापाने पोराला सांगायचं? गावच सांगेल. माणूस आशेला लागला की असलंच काहीतरी मनात धरतो.

दत्तात्रयाच्या देवळामागे त्याने आपण कोरलेली खिडकी दाखवली. "हिच्यात एक खिळा नाही. एकाने दुसऱ्याला धरलंय, बस. एक काढलं की झालं."

"भारीच, बा!" सुबिनने फोटो काढला. "जरा बाजूला व्हा, सावली पडतेय तुमची."

न्यातपोलाच्या उंच देवळाच्या पायऱ्यांशी म्हातारा धापा टाकत टेकला. खाली पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, वर सिंह, आपापल्या जागी बसलेले.

"हा खालचा पहिलवान दमला, तर रे?"

"दगडाचा आहे, बा. दमेल कसा?"

न्हुच्छेलालने गुडघा चोळला आणि उठला. कुंभारांच्या चौकात त्यांनी तव्यावरची गरम बारा, म्हणजे डाळीची धिरडी, खाल्ली, मग मातीच्या वाडग्यातलं दही. सुबिनने बोटाने वाडगा पुसून घेतला, अगदी लहानपणी पुसायचा तसा. "ही चव तिकडे शोधून सापडत नाही."

"मग राहा की." म्हाताऱ्याच्या तोंडून निसटलंच.

सुबिन खळखळून हसला. "दह्यासाठी?"

म्हातारा पण हसला. हसण्यावारी गेलेलं पुन्हा कसं काढायचं, ते त्याला कळेना.

संध्याकाळी थकालीच्या, म्हणजे गुठीतल्या सगळ्यात वडील माणसाच्या घरी वयाप्रमाणे पंगत बसली. पोहे, काळे सोयाबीन, आलं, म्हशीचं भाजलेलं मांस वाढून झालं. थकालींच्या सुनेने उंचावरून ऐल्याची, म्हणजे घरच्या तांदळाच्या दारूची, धार पणतीएवढ्या मातीच्या पेल्यात अचूक सोडली. ऐशीच्या घरातले पुण्यकाजी थकाली म्हणाले, "न्हुच्छे, बाबू आलाय. घालू ना नाव?"

पंगत थांबली. सुबिनने बापाकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला सगळं उमगलं असावं.

"आजोबा, खोटं कसं बोलू? मंगळवारी चाललो मी. इथे कुणी गेलं तर पोचणार कधी? माझ्याजागी एखादा माणूस लावा. मी पैसे पाठवत जाईन."

"मग रडायला पण माणूसच लाव," पंगतीतून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"भाड्याचा खांदा गुठीत चालत नाही, बाबू," थकाली हळूच म्हणाले.

मग बोकडाच्या डोक्याचे आठ वाटे आठ वडीलधाऱ्यांना वाढायला घेतले. उजवा डोळा थकालींना, डावा त्यांच्या खालच्याला. सहावा मान न्हुच्छेलालचा, डावा कान. वाढणारा त्याच्यासमोर आला, थबकला आणि त्याच्याकडे न बघता पुढे सरकला. कान शेजारच्या कृष्णभक्तच्या पानात पडला. कृष्णभक्तच्या बापाला, आईला, थोरल्या भावाला न्हुच्छेलालने खांदा दिला होता. त्याने तो कान खाल्ला नाही. पानाच्या कडेला सारला आणि खाली मान घालून पोहे चिवडत राहिला. न्हुच्छेलालला वाटलं, याच्यापेक्षा खाल्ला असता तर बरं झालं असतं.

जेवणावरून उठून म्हातारा काठी टेकत घराकडे निघाला. आपल्याच गल्लीत वळताना सुबिनने बापाचा दंड धरला. "बा, चला ना माझ्याकडे. इथे कोण आहे आता? तिकडे सगळं आहे. डॉक्टर आहे, गरम खोली आहे."

न्हुच्छेलाल थांबला. पोराचा राग यावा म्हणून त्याने खूप खटपट केली, येईना.

"तिकडे कुणी मेलं, तर उचलायला किती जण येतात?"

सुबिनने त्याचा दंड सोडला नाही.

"गाडी येते, बा."