भावजी सरणावर बसले तो दिवस

आमच्या गावातला सगळ्यात नावडता माणूस आज पहाटे गेला.

ग्रुपवर सगळ्यांनी फुलं टाकलीत, हात जोडलेत. बघितली मी. ज्याला जन्मभर कोणी चहाला बोलावलं नाही, त्याला आज मोबाईलमधली फुलं.

गणपत पाटील. माझे धाकटे दीर. गावचे पोलीस पाटील.

सत्तर सालच्या आसपास ती जागा निघाली. माणूस गावचाच पाहिजे. लिहितावाचता येणारा, धडधाकट, वागणूक चांगली, पोलिसात नाव नसलेला. भावजी सगळ्यात बसले. रसायनीला कारखान्यात पक्की नोकरी मिळत होती, ती सोडून हे.

मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "गावात कोणाशी वैर आहे का?"

"अजून नाय साहेब. काम दिलंत तर होईल."

घरी येऊन हे सांगताना ते स्वतःच हसत होते. आम्ही पण हसलो.

माझी धाकटी बहीण शेवंता आमच्याच भावकीत दिलेली. भावजींच्या चुलतभावाला, धोंडूला. स्थळ भावजींनीच आणलं होतं. "वैनी, पोरगी नजरेसमोर राहील," म्हणाले.

राहिली. तीन वर्षं.

एका सकाळी विहिरीतून काढली. पाय घसरला, सगळे म्हणाले. भावजी आदल्या दिवसापासून कर्जतला कचेरीच्या कामाला गेलेले. ते यायच्या आत उरकायची धोंडूच्या घरच्यांना घाई. विहिरीत माणूस गेलं की पाटलाने ठाण्यात वर्दी द्यायची असते, हे भावकीत सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर घाई.

सवाष्ण गेली म्हणून आम्ही बायांनी आंघोळ घातली. हळदकुंकू लावलं, हिरवा चुडा भरला. मी तिचे केस मागे घेतले.

गळ्याला काळानिळा वळ.

बाकीच्या बायांनी बघितला. आणि पदर पुढे ओढून घेतले.

तेवढ्यात भावजी आले. अंगणात पुरुषमाणसं तिरडी बांधत होती. मी त्यांना मागच्या दारी गाठलं.

"भावजी, विहिरीत पडलेल्या बाईच्या गळ्याला वळ कसा?"

"तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितला?"

"या हातांनी पुसला."

"मंग बास."

दुसरं काही विचारलं नाही. बाईमाणूस हाय, बहिणीच्या दुःखात बरळते हाय, असं म्हणाले नाहीत. टोपी नीट केली. कोतवालाला सायकलवर ठाण्याकडे पिटाळलं. आणि स्वतः प्रेताच्या आधी मसणात जाऊन पोचले.

आमच्यात बाया मसणात जात नाहीत. पुढचं मला माझ्या मालकांनी सांगितलं.

सरण रचून तयार. भावजी जाऊन त्या लाकडांवरच बसले.

"उठ रं गणपत," भावकीतला म्हातारा म्हणाला, "जित्या मानसानं बसायची जागा नाय ती."

"पोलीस आले की उठतो."

"आपल्याच घरची अब्रू घालवतोस?"

"पोरगी आपल्याच घरची व्हती ना काका?"

धोंडूने दगड उचलला. भावजी हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. माणसं शिव्या देऊन दमली. शेवंता बाजूला तिरडीवर, आणि हे लाकडांवर. तिच्या बाजूचा तेवढा एकच माणूस तिथे.

पोलीस आले. पंचनामा झाला. शेवंताला तपासणीसाठी कर्जतच्या दवाखान्यात नेली.

पाय घसरला नव्हता. तेवढं कागदावर आलं.

कोर्टात मी सांगितलं. माझ्याबरोबर आंघोळ घालणाऱ्या बायांनी काही बघितलंच नव्हतं. धोंडू सुटला. वर्षभरात दुसरी बायको केली.

आणि वैर झालं. साहेबांना सांगितलं होतं तसंच.

होळीत पहिला नारळ टाकायचा मान भावजींचा होता, तो काढला. लग्नाची आमंत्रणं बंद. ते रस्त्याने निघाले की ओट्यावरची माणसं आत जायची. आमच्याही घरी भावकी यायची थांबली. मला बरं वाटलं, तेवढा चहा वाचला. भावजींना मात्र लागायचं. होळीला मागे, आंब्याखाली उभे राहायचे. नारळ घरून घेऊन जायचे आणि तसाच परत आणायचे.

मग धोंडूच्या दुसरीचा पोरगा मोठा झाला. साजगावला नोकरी लागत होती, पाटलाचा वर्तणुकीचा दाखला पाहिजे होता. पोरगा दारात येऊन उभा.

मी म्हटलं, "हाकला त्याला."

"वैनी, दाखला पोराचा हाय. बापाचा नाय."

दिला. चांगल्या अक्षरात.

आता परत पाटलाची जागा निघालीय म्हणे. काय काय लागतं म्हणून नातवंडं मोबाईलवर वाचत बसलीत. शिक्षण, वय, रहिवासी. वाचा बाबांनो. आपल्याच माणसांसमोर सरणावर बसता येतं का, ते कोणी विचारत नाही.

आज दुपारी मी मसणात गेले. कोणी अडवलं नाही. माझ्या तोंडाला घाबरतात.

खांदा द्यायला धोंडूचा पोरगा पुढे होता. रडत होता. मी सरकून त्याला वाट दिली.

लाकडांच्या बाजूला, जमिनीवर बसले. अग्नी देईपर्यंत उठले नाही.

भावजी, तिच्याजवळ तुमी बसला होतात. म्हणून तुमच्याजवळ मी.

जावा आता. शेवंता भेटली तर सांगा, ताई अजून गप बसली नाय.