संमतीला लागणारा वेळ

रविवार, १७ ऑगस्ट २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. घाटंजी तालुक्यातील एका गावात, बुद्धविहाराच्या सतरंजीवर बसून मी मोबाइलमधले स्टॉपवॉच सुरू केले.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी कायद्याकडे वळले आणि रोखे बाजाराच्या कायद्यात स्थिरावले. मोबाइलवरून गुंतवणूक विकणाऱ्या कंपन्यांना मी सल्ला देते. त्या वेळच्या अशिलाचे ॲप सामान्य माणसाला मोठ्या कंपन्यांचे कर्जरोखे विकणार होते. ते सर्वांसाठी खुले होण्याआधी एका प्रश्नावर माझे लेखी मत हवे होते: ग्राहक जोखीम समजून संमती देतो का? सही माझी एकटीची असणार होती, आणि ती चुकली तर माझ्या शब्दाला या व्यवसायात पुन्हा किंमत उरली नसती.

चाचणीत शहरांतले ग्राहक काही सेकंदांत 'सहमत' दाबत होते. जोखमीचे निवेदन चार पानांचे होते आणि ते मीच लिहिले होते. काही सेकंदांत ते वाचून होणे शक्य नव्हते. याउलट या गावातल्या बचत गटाच्या अकरा जणींपैकी एकीचीही संमती नोंदली गेली नव्हती. दहा मिनिटे झाली की ॲप आपोआप बंद होई, आणि इथे ते प्रत्येक वेळी तसेच बंद झाले होते. अभियंत्यांनी कारण लिहिले होते, 'कमकुवत नेटवर्क'. मी याच जिल्ह्यातल्या मारेगावची, इकडचे नेटवर्क मला ठाऊक आहे. ते कधीही जाते, पण बरोबर दहाव्या मिनिटाला, दर वेळी, जात नाही. म्हणून मी स्वतः आले.

बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता. या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथवाचन होते: एकजण मोठ्याने वाचते, परिच्छेद संपला की थांबते, दुसरी अर्थ सांगते, आणि सगळ्यांना उमगल्याशिवाय पान उलटत नाही. त्या बायकांनी माझे निवेदनही तसेच वाचायला घेतले होते. वाचणारी अंगणवाडी सेविका होती. पहिल्या पानाच्या शेवटी दहा मिनिटे झाली आणि पडदा काळा झाला.

"मिटले यानं डोये," एकजण म्हणाली. "रोज इथंच झोपते."

"उघड वं पुन्हा. आपल्याले कुठं गाडी पकडाची हाय?"

ॲप सहा वेळा बंद पडले, सहा वेळा उघडले. त्या चौथ्या पानावर पोहोचल्या. एकोणिसावे कलम वाचून होताच मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजीने हात वर केला. तिचा जन्म निंदणी-वेचणीत गेला होता. तिला अक्षरओळख नव्हती.

"थांब वं माय. सातव्यात म्हणे, मुद्दल परत भेटनच याची हमी नाही. आता म्हणते, मुदत सरली का परत देऊ. कोणतं खरं?"

"हे तं माह्या बुढ्यावानी बोलून राह्यलं," शेजारची म्हणाली. "येतो म्हणे बजारातून लवकर, पण वाट नको पाहू म्हणे!"

हशा ओसरल्यावर सेविकेने माझ्याकडे पाहिले. "वकीलबाई, तुमीच सांगा आता."

मी दोन्ही कलमे पुन्हा वाचली. ते निवेदन माझ्यासह तीन वकिलांनी तपासले होते. त्यातला अंतर्विरोध या आजीने एकदा ऐकून, बारा कलमांचे अंतर स्मरणात धरून, पकडला होता. प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याखाली प्रकाशाची वलये प्रथम दिसली तेव्हा मी अशीच थक्क झाले होते. आकलन नावाची जी गोष्ट मी वर्षानुवर्षे कायद्याच्या भाषेत गृहीत धरत आले, ती माझ्यासमोर प्रत्यक्ष घडत होती. तिला अकरा माणसे आणि चौसष्ट मिनिटे लागली होती.

मी तिथेच कलम दुरुस्त केले: 'रोखे काढणारी कंपनी टिकली तर मुद्दल परत मिळेल, ती बुडाली तर काही किंवा सगळे पैसे जातील.' सेविकेने ते दोनदा वाचले.

"आता समजलं," आजी म्हणाली. "मले नाही पाहिजे."

"काहून वं आजी? इतकं आयकून?"

"आयकलं म्हणूनच तं."

सोमवारी मी अकरा जणींचे तोंडी निर्णय अशिलाला पाठवले आणि कळवले की दहा मिनिटांची मर्यादा काढा, नवे कलम घाला आणि शहरांतली चाचणी नव्याने घ्या. तोवर सही नाही. संस्थापकांचा फोन लगेच आला.

"मॅडम, त्या गावात तर बहुतेकींनी नकारच दिला. तो पुरावा कसा होईल?"

"ज्यांना नाही म्हणता आले, त्यांचाच होकार मला प्रमाण मानता येतो," मी म्हणाले.

नव्या चाचणीनंतर, सहा आठवडे उशिराने, मी सही केली. मताला जोडलेल्या तक्त्यात त्या गावाची ओळ मी स्वतःच्या हाताने भरली. सदस्य: ११. होकार: ४. नकार: ७.