एकही रकाना रिकामा नको

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. बाबा इथे परदेशात, शॉमबर्गच्या एका हॉटेलात आचारी आहेत. शाळेत असल्यापासून घरातले व्हिसाचे फॉर्म मी भरायचे, आणि आई शेजारी बसून दर वेळी बजावायची, "एकही रकाना रिकामा ठेवू नकोस गं, फॉर्म परत येतो."

आम्हाला अर्थशास्त्र शिकवायला एक इराणी सर होते. तेहरानमध्ये ते सरकारी कचेरीत महागाईचे आकडे काढत. एकदा वरून आकडा कमी करायला सांगितला, त्यांनी केला नाही. नोकरी गेली, पुढे देशही सुटला. इथे ते तीन कॉलेजांत तासांवर शिकवत. बसायला खोली नाही, पुस्तकं गाडीच्या डिकीत, दर सेमिस्टरला नवा करार. धडा चालू असताना मध्येच ते त्यांच्या तेहरानच्या गल्लीतल्या रोटीवाल्याबद्दल सांगायचे. भाव तोच, फक्त रोटी दर महिन्याला थोडी पातळ. महागाई म्हणजे काय, ते मला त्या रोटीवरून कळलं.

सेमिस्टर संपताना सरांबद्दल आमचं मत विचारणारा निनावी फॉर्म आला. 'काय सुधारायला हवं?' मला काही सुचेना. पण रकाना रिकामा कसा ठेवायचा? बराच वेळ विचार करून लिहिलं, 'सर कधीकधी पुस्तक सोडून बोलतात.'

पुढच्या सेमिस्टरच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते लायब्ररीची पुस्तकं परत करायला आले होते, तेव्हा मला पार्किंगमध्ये भेटले.

"तक्रार आली म्हणे," ते म्हणाले. "मी पुस्तक सोडून बोलतो."

"सर, ते... मी लिहिलं."

त्यांनी विचारलं, "खोटं आहे का?"

"नाही, पण—"

"मग झालं तर. मीही तिकडे खरं तेच लिहिलं होतं." ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

मी विभागाच्या ऑफिसात गेले. मला ते वाक्य मागे घ्यायचं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "फॉर्म निनावी असतो. तुझा कुठला, हे आम्हाला कसं कळणार?"

नवे शिक्षक पुस्तकाबाहेरचा एक शब्द बोलत नाहीत. त्यांचा फॉर्म आला तेव्हा तो रकाना मी रिकामा ठेवला.

फॉर्म परत आला नाही.