नवरात्रात गोळी बंद, झाडपाला चालू

"मॅडम, आईले लकवा मारला. नागपूरले नेऊन राह्यलो. फक्त चिठ्ठी लिहून द्या."

विलास दारातच उभा होता. बाहेर गाडी सुरू. मी पुसदमध्ये बावीस वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करते आणि उभ्या-उभ्या चिठ्ठी मागणाऱ्यांची मला चीड आहे. "आधी त्यांना आत आणा," मी म्हटलं.

सुमनकाकू एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यावर त्यांनी खाणं-बोलणं सोडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मी डिप्रेशनची गोळी सुरू केली, तशा त्या हळूहळू माणसांत येत होत्या. आज मात्र हात थरथरत होते, साडी घामाने भिजली होती, सकाळपासून चारदा जुलाब झाले होते आणि मला त्या आपली धाकटी बहीण समजत होत्या.

लकव्यात बहुधा एक बाजू लुळी पडते. इथे दोन्ही बाजू नको तेवढ्या जाग्या होत्या. मी त्यांचं पाऊल धरून झटक्यात वर दाबलं. ते आपोआप टक-टक-टक उडत राहिलं. दुसरंही तसंच! याला क्लोनस म्हणतात. पुस्तकात कितीदा वाचलेलं, आज माझ्या तळहातावर नाचत होतं. सांगायला लाज वाटते, पण मी आनंदाने ओरडलेच, "गाडी बंद करा!"

मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. डिप्रेशनची गोळी ते वाढवते. ते प्रमाणाबाहेर वाढलं की अशी अवस्था होते, आणि वेळेत आवरलं नाही तर जीव जाऊ शकतो. पण माझा डोस तर लहानसा होता. मग वाढवलं कशाने?

"दुसरं कोणतं औषध चालू आहे?"

"बीपीची गोळी. बाकी काहीच नाही, मॅडम."

"वैद्य? मेडिकलमधून काही?"

"नाही म्हणतो ना!"

तो खोटं बोलत नव्हता. माझा पारा चढत होता. नर्स सलाइन लावत होती, तेवढ्यात सून कल्पना हळूच म्हणाली, "तुमची गोळी तर परवाच पुन्हा चालू केली. नऊ दिवस बंद होती."

"बंद? कोणाला विचारून?"

"नवरात्राचे उपास होते ना. उपासाले गोळी चालत नाही म्हणते आई. तो झाडपाला चालते, तेवढा घेत होत्या."

"कोणता झाडपाला?"

तिने पर्समधून बाटली काढली. तिच्या कॅनडातल्या नणंदेने पाठवलेल्या कॅप्सूल, सेंट जॉन्स वॉर्टच्या. पिवळ्या फुलांचं विलायती झुडूप. तेही सेरोटोनिनच वाढवतं! नऊ दिवस ते एकटं होतं, तोवर काकू खुशीत. दसऱ्यानंतर माझी गोळी परत आली, कॅप्सूलही चालूच राहिल्या आणि दोघांनी मिळून घोळ घातला.

"पण ते औषध थोडीच आहे?" विलास म्हणाला. "बाटलीवर पानाचं चित्र आहे."

नवरात्राआधी काकूंनी "उपास करू का?" असं विचारलं होतं. "खुशाल करा," मी मान वर न करता म्हटलं होतं.

दोन्ही बंद केलं. फिजिशियनला बोलावलं, सलाइन आणि स्नायू सैलावणारं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला नावाने ओळखलं आणि चहा बेचव आहे म्हणून तक्रार केली. मला इतका आनंद झाला की मी स्वतः जाऊन दुसरा कप आणला.

"मले तर झाडपाल्यानंच बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

"वाटलं असेल. हलक्या डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग होतो. पण ते तुमच्या बीपीच्या गोळीचा जोर कमी करतं, आणि तुमचं दुखणं हलकं नव्हतं. माझ्या गोळीनेही या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून मी तपासत राहीन."

काकूंनी कप खाली ठेवला. "तुमचीच द्या. पण एकादशीले?"

"एकादशीलासुद्धा."

"बरं. देवाले मी समजावीन."

दोन आठवडे थांबून निम्म्या डोसने गोळी सुरू केली. आता त्या शेजारच्या मुलींना गणित शिकवतात आणि चुकलं की चांगल्याच ओरडतात.

तेव्हापासून मी "कोणतं औषध घेता?" असं विचारत नाही. जे जे पोटात जातं, ते सगळं पिशवीत घालून आणायला सांगते, आणि उपासाचे दिवस विचारते. ओपीडी तासभर लांबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. त्या दिवशी खोटं कुणीच बोललं नव्हतं. माझा प्रश्नच अपुरा होता.